वाघाच्या मावशीची सांधेदुखी

वाचकहो, मांजर हा आपल्या कुटुंबाचा असा एक घटक आहे, की ज्याचे नाव शिधापत्रिकेवर कधी चढत नाही, परंतु ज्याच्या वाट्याचे दूध मात्र रोज न चुकता बाजूला काढले जाते. घरात त्याला फारसे काम नसते आणि अधिकार मात्र पुष्कळ असतात. लहान मुले त्याला खेळवितात, वडीलधारी माणसे त्याला रागावतात, आणि थंडीच्या दिवसांत तेच मांजर त्या वडीलधाऱ्या माणसांच्या पांघरुणात शिरलेले आढळते. अशी दहा-बारा वर्षे निघून जातात. मग एके दिवशी ध्यानात येते, की मांजर आता कपाटावर चढत नाही, दोऱ्याच्या गुंडीकडे पाहत नाही, दिवसभर एकाच कोपऱ्यात बसून असते. आपण म्हणतो, "म्हातारे झाले बिचारे!" आणि ह्या एका वाक्याने त्याच्या सगळ्या तक्रारींचा निकाल लावून मोकळे होतो.

ह्या वेळी त्याच वाक्याविषयी आपल्याशी थोडे बोलावयाचे आहे. कारण हे वाक्य मी स्वतः काशीत, माझ्या मावशीच्या घरी, उच्चारले होते आणि ते चुकीचे होते.

काशीतील मराठी वस्ती आपल्या वाचकांना ऐकून तरी ठाऊक असेल. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट ह्या भागांतील अरुंद गल्ल्यांतून हिंडताना मधूनच मराठी बोलणे कानी पडते. सोळाव्या शतकात पैठणहून येऊन येथे स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातीलच गागाभट्ट १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर गेले होते. तेव्हापासूनच नव्हे, त्याही पूर्वीपासून येथे आपल्या माणसांचे येणे-जाणे आहे. मावशीचे सासर अशाच एका जुन्या दगडी वाड्यात आहे. मध्ये चौक, भोवती तीन मजले, पायऱ्या गुडघाभर उंच, आणि माकडांच्या भीतीने गच्चीला लोखंडी जाळी. ह्या वाड्यात तेरा वर्षांपूर्वी एक करड्या रंगाचे पिल्लू पावसात भिजत आले, ते तेथेच राहिले. तिचे नाव अर्थातच मनी.

गेल्या पौषात मी तेथे गेलो, तेव्हा मनी अगदी वाळून गेली होती. पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या. जिन्याखालच्या गोणपाटावर ती दिवसभर पडून असे. मावशी म्हणाली, "अरे, दोन महिने झाले, ती जेवतच नाही नीट. वाटी भरलेली राहते आणि शेवटी चिमण्या येऊन खातात." मी तेच ठराविक वाक्य उच्चारले. मावशीने मान डोलावली आणि आम्ही दुसऱ्या विषयाकडे वळलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चौकात ऊन खात बसलो असता एक गोष्ट दृष्टीस पडली. मनीची वाटी खिडकीच्या दगडी कट्ट्यावर, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर ठेवलेली असे. दार गल्लीकडे उघडे राहते, कुत्री आत शिरतात, म्हणून ही व्यवस्था मनी लहान असल्यापासून चालत आलेली. मनी उठली, कट्ट्याखाली येऊन उभी राहिली, वर पाहिले, मागचे पाय आखडून उडीची तयारी केली आणि थांबली. पुन्हा तयारी केली, पुन्हा थांबली. मग हळूहळू परत जाऊन गोणपाटावर बसली. मी वाटी उचलून तिच्यापुढे खाली ठेवली. अर्धी वाटी तिने तेथल्या तेथे संपविली.

तिची भूक गेलेली नव्हती. अन्न तिच्यापासून कमरेइतके दूर गेले होते.

मांजराच्या सांध्यांचा हा विकार आपण समजतो त्यापेक्षा फार सर्रास आढळतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातील पशुवैद्यांनी बारा वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ९० मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज दिसून आली. हाडांच्या टोकांवरील कूर्चा झिजते, सांध्याभोवती दाह होतो, नवी हाडे वेडीवाकडी वाढतात आणि हालचाल दुखरी होते. पुढच्या पायांचे कोपर, मागच्या पायांची खुब्याची सांध, गुडघे व पाठीचा कणा ह्या ठिकाणी हा विकार विशेषेकरून दिसतो.

मग इतका सर्रास विकार आपल्या नजरेस का पडत नाही? कुत्रा लंगडतो, विव्हळतो, पाय उचलून धरतो. मांजर तसे करीत नाही. ते स्वतः शिकारी खरे, परंतु आकाराने लहान असल्यामुळे दुसऱ्याची शिकारही होऊ शकते; दुखणे उघड करणे हे त्याच्या जातीला परवडण्याजोगे नाही. शिवाय बहुधा दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखत असल्याने लंगडणेही दिसत नाही. मांजर एवढेच करते, की जे दुखते ते करावयाचे सोडून देते. म्हणून त्याने काय सोडून दिले आहे, इकडे आपण लक्ष दिले पाहिजे. एका उडीत गाठावयाची जागा दोन टप्प्यांत गाठणे, जिना उतरताना थबकणे, पाठीकडचे अंग चाटून स्वच्छ न करणे, नखे वाढून जाडी होणे, नेहमीच्या ठिकाणी न जाता जवळपासच घाण करणे, कमरेवर हात ठेवताच गुरकावणे, ह्या सर्व गोष्टी आपण 'म्हातारपण' ह्या एका सदरात घालतो. त्यांतील पुष्कळशा वस्तुतः वेदनेच्या खुणा असतात.

आता आहाराकडे वळू. कारण मनीच्या बाबतीत वाटी खाली ठेवून प्रश्न निम्माच सुटला होता. त्या वाटीत होते काय? दूध आणि भात. संध्याकाळी दूध आणि पोळी. मावशीचे घर पूर्ण शाकाहारी, स्वयंपाकघरात अद्यापि सोवळ्याची शिस्त. तेरा वर्षे मनी ह्याच अन्नावर वाढली अशी सर्वांची समजूत होती. मावशी तर अभिमानाने सांगे, "आमची मनी पक्की शाकाहारी हो!"

परंतु जुना दगडी वाडा, धान्याची कोठी, पलीकडे गल्ली आणि थोड्या अंतरावर घाट असता मनी केवळ दूधभातावर राहिली असेल, हे संभवत नाही. ती रात्री उंदीर मारीत असे, चिचुंद्र्यांच्या मागे लागत असे, पाली पकडीत असे. तिच्या जेवणाचा निम्मा भाग मावशी देत होती आणि उरलेला, अधिक मोलाचा भाग ती स्वतः मिळवीत होती. सांधे धरले, त्या दिवशी तिची शिकार बंद पडली. घरच्यांच्या दृष्टीने आहारात काहीच बदल झाला नव्हता. वाटी तीच, दूध तेच. मनीच्या दृष्टीने मात्र पानातील मुख्य पदार्थ नाहीसा झाला होता. शाकाहारी घरांत मांजर म्हातारपणी एकाएकी का खंगते, ह्याचे एक मोठे कारण हेच आहे. त्याची शिकार आपल्याला कधी दिसलेली नसते, म्हणून ती थांबल्याचेही कळत नाही.

मांजराला मांस आवडते एवढेच नव्हे. त्याचे शरीर मांसावाचून चालू शकत नाही. माणूस व कुत्रा आपल्या शरीरात जे काही घटक तयार करू शकतात, ते मांजराला पुरेसे तयार करता येत नाहीत. टॉरिन नावाचा घटक हा त्यांतील प्रमुख. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ साली सिद्ध झाले. आणि त्याच्याच अभावी हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिले. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनविण्याची माणसाची हातोटीही मांजराला नाही. ते त्याला प्राणिज अन्नातूनच मिळावे लागते. प्रथिनांची गरजही आपल्यापेक्षा कितीतरी अधिक. ती भागली नाही, तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खर्च करते. ज्या सांध्याची कूर्चा झिजली आहे, त्याला आधार असतो तो भोवतालच्या स्नायूंचाच. तो आधार गेला, की दुखणे दुणावते. म्हणून सांधे दुखणाऱ्या वृद्ध मांजराचे पहिले औषध म्हणजे पोटभर व योग्य असे प्राणिज प्रथिन होय.

दुधाविषयीही एक गैरसमज दूर करावयास हवा. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दुधातील साखर पचत नाही. त्यांना ढाळ होतात. चमचाभर दूध लाडापुरते ठीक. परंतु ते जेवण नव्हे आणि पाणीही नव्हे. दुधातील कॅल्शियमने सांधे बळकट होतील अशी आशा बाळगू नये. झीज कूर्चेची असते, आणि ती कॅल्शियमने भरून येत नाही.

मग द्यावे काय? ज्यांना घरी मांस शिजविणे शक्य नाही, त्यांच्यासाठी मांजराकरिता तयार केलेला बाजारचा आहार हाच सर्वांत सोपा मार्ग आहे. पाकीट घेताना ते मांजराचेच आहे, कुत्र्याचे नाही, हे पाहावे. आणि त्यावर 'पूर्ण व संतुलित आहार' अशा अर्थाचे शब्द आहेत की नाहीत, तेही वाचावे. केवळ 'पूरक' असे लिहिलेले पदार्थ रोजच्या जेवणाची जागा घेऊ शकत नाहीत. कोरड्या दाण्यांपेक्षा ओला आहार वृद्ध मांजरांना अधिक मानवतो. कारण म्हातारपणी सांध्यांबरोबर मूत्रपिंडेही पुष्कळदा कमकुवत होतात आणि पाणी पोटात जाणे अगत्याचे असते. नवा आहार एकदम सुरू करू नये. जुन्या अन्नात थोडा थोडा मिसळून आठ-दहा दिवसांत पालट पुरा करावा.

ज्यांच्या घरी मांस-मासळी शिजते, त्यांनी कोंबडीचे मऊ शिजविलेले मांस किंवा काटे काढलेली उकडलेली मासळी द्यावी. मीठ, मसाला, कांदा व लसूण ह्यांचा स्पर्शही त्यात नसावा. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. कच्च्या मासळीपैकी काही जातींत 'ब-१' जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते, म्हणून मासळी शिजवूनच द्यावी. शिजविलेली हाडे देऊ नयेत. त्यांच्या अणकुचीदार कपच्या होतात. परंतु हाडांवाचून नुसते मांस दिल्यास कॅल्शियम अपुरे पडते, हेही विसरू नये. सबब, घरचे अन्न हा रोजचा पूर्ण आहार करावयाचा असेल, तर पशुवैद्यांकडून त्याचे प्रमाण ठरवून घेणे अवश्य आहे.

काळिजाविषयी विशेष इशारा द्यावासा वाटतो. मांजराला काळीज अतिशय प्रिय असते व ते स्वस्तही मिळते. म्हणून काही लोक रोज तेच घालतात. काळजात 'अ' जीवनसत्त्व फार मोठ्या प्रमाणावर असते. ते महिनोन्‌महिने अतिरिक्त प्रमाणात पोटात गेले, तर मानेचे मणके एकमेकांस जखडतात व मांजराला मान वळविणेही अशक्य होते. सांध्यांचे दुखणे बरे करावयास जाऊन नवे दुखणे विकत घेण्याचाच हा प्रकार होय. काळीज आठवड्यातून एखादे वेळी, तेही बोटाच्या पेराएवढे, इतकेच पुरे. कॉडलिव्हर तेलालाही हीच शंका लागू पडते. ते माशाच्या काळजाचेच तेल असते.

माशाच्या अंगातील तेल ही मात्र वेगळी वस्तू आहे. त्यात ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्ले असतात व ती सांध्यांतील दाह कमी करण्यास साहाय्य करतात. नेदरलँड्समधील युट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी सांधे झिजलेल्या मांजरांना दहा आठवडे माशाचे तेल व दहा आठवडे मक्याचे तेल देऊन पाहिले. कोणते तेल केव्हा दिले जात आहे, हे मालकांना कळू दिले नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात असे दिसले, की माशाच्या तेलाच्या काळात मांजरे जिना अधिक वेळा चढत-उतरत, चालताना कमी आखडत व उंच उड्या मारीत. हा उपाय चमत्कार नव्हे. आठवडे लागतात, आणि सर्वांनाच सारखा गुण येत नाही. तथापि आजमितीस आहारातील जे उपाय सांगितले जातात, त्यांत ह्याला काही पुरावा आहे.

येथे शाकाहारी वाचक विचारतील, की ओमेगा-३ तर जवसातही असते. मग जवसाचे तेल का नको? शंका रास्त आहे. जवसातील ओमेगा-३ वेगळ्या रूपात असते आणि त्याचे उपयुक्त रूपात परिवर्तन मांजराच्या शरीरात नाममात्रच होते. तेव्हा जवसाची चटणी आपण आवडीने खावी. मांजराला तिचा उपयोग नाही. कोकणातील वाचकांना तारली व बांगडा सहज मिळतात. ह्या तेलकट समुद्री मासळीत हे घटक विपुल असतात. काशीसारख्या ठिकाणी गोड्या पाण्यातील रोहू-कतला मिळतात. त्यांचे प्रथिन उत्तम, परंतु तेलासाठी वेगळी कुपी आणावी लागते. तेल किती थेंब द्यावयाचे, ते मांजराच्या वजनावर अवलंबून आहे. पशुवैद्यांना विचारून ठरवावे. अधिक दिल्यास ढाळ होतात, वजन वाढते आणि 'ई' जीवनसत्त्व कमी पडून अंगातील चरबीला दुखरी सूज येते. ग्लुकोसामिन वगैरे ज्या गोळ्या सांध्यांसाठी विकल्या जातात, त्यांचा मांजरांना निश्चित लाभ होतो असे अद्याप ठामपणे सिद्ध झालेले नाही. आधी चांगल्या जेवणावर पैसा खर्चावा, मग उरल्यास त्यांचा विचार करावा.

मनी वाळलेली होती. परंतु शहरांतील सदनिकांत राहणाऱ्या मांजरांची कथा पुष्कळदा उलट असते. बाहेर जाणे नाही, शिकार नाही, आणि दाण्यांचे भांडे दिवसभर भरलेले. अशी मांजरे लठ्ठ होतात व प्रत्येक पावलाला तो भार दुखऱ्या सांध्यांवर पडतो. चार किलो वजनाच्या घरबशा मांजराला दिवसाकाठी साधारण २०० ते २५० उष्मांक पुरतात. एका उंदरात सुमारे ३० उष्मांक असतात; म्हणजे निसर्गाने त्याची दिवसभराची सात-आठ छोटी जेवणे योजिली आहेत. मूठ मूठ दाणे वारंवार टाकले, की हा हिशेब केव्हाच ओलांडला जातो. बरगड्यांवरून हलकेच हात फिरवावा. त्या सहज लागल्या पाहिजेत, मात्र डोळ्यांना टोचू नयेत. महिन्यातून एकदा वजनकाट्यावर मांजर कडेवर घेऊन उभे राहावे, नंतर एकट्याने उभे राहावे व वजाबाकी करावी. लठ्ठ मांजराला उपास मात्र कदापि घडवू नये. दोन-तीन दिवस पोटात अन्न गेले नाही, तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतते. वजन आठवड्याला शेकडा एक, फार तर दोन, ह्या गतीने उतरावे.

अन्न कोणते ह्याइतकेच ते कोठे व कसे ठेवले, ह्यालाही महत्त्व आहे. वाटी जमिनीलगत, परंतु पालथ्या पाटावर किंवा विटेवर चार-पाच बोटे उंच ठेवावी; म्हणजे मान व कोपर फार वाकवावे लागत नाहीत. पाण्याची भांडी घराच्या प्रत्येक मजल्यावर असावीत. हिवाळ्यात अन्न किंचित कोमट करावे. वास सुटतो आणि मंदावलेली भूक जागी होते. काशीच्या पौषात धुके दुपारपर्यंत हटत नाही व दगडी फरशी बर्फासारखी गार पडते. अशा वेळी जेवणाची व निजण्याची जागा जवळजवळ असावी आणि अंथरूण जाड असावे.

आता जी गोष्ट सांगावयाची आहे, ती घडता घडता राहिली. मनीचे सांधे दुखतात हे ऐकून मावशी हळहळली. तिचेही गुडघे वर्षानुवर्षे दुखतात. ती आत गेली आणि स्वतःच्या गोळीचा चतकोर तुकडा घेऊन बाहेर आली. "मला हिने तासाभरात आराम पडतो. दुधातून देऊ का रे?" ती गोळी पॅरासिटामॉलची होती. भाषांतराच्या कामात ह्या विषयावरील मजकूर पूर्वी हाताखालून गेला होता, म्हणूनच मी तिचा हात धरू शकलो. हे औषध निर्विष करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. रक्त तपकिरी होते, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या काळसर पडतात, तोंड व पंजे सुजतात. एका गोळीने मांजराचा जीव जाऊ शकतो आणि तुकड्यानेही गंभीर इजा होते. माणसांची इतर वेदनाशामकेही अशीच घातक आहेत. दुखऱ्या जागी चोळावयाचे मलमही लावू नये. मांजर ते चाटते. चुकून असे काही पोटात गेल्यास वाट न पाहता, त्याच घटकेस पशुवैद्यांकडे न्यावे. मांजरांसाठी योग्य अशी वेदनाशामके आहेत. परंतु ती रक्त व मूत्रपिंडे तपासून पशुवैद्यांनीच द्यावयाची असतात. काशीच्या परिसरातील वाचकांना हे ठाऊक असावे, की बनारस हिंदू विश्वविद्यालयाची पशुवैद्यक विद्याशाखा मिर्झापूरजवळ बरकछा येथील दक्षिण परिसरात आहे.

राहता राहिला मावशीचा प्रश्न, आणि तो आहाराहूनही अवघड होता. ज्या घरात अंडेही कधी आले नाही, तेथे मांसाचे पाकीट कसे फोडावयाचे? मी काही युक्तिवाद केला नाही. सत्तरी उलटलेल्या बाईला तिचा धर्म शिकविण्याचा मला अधिकार नव्हता. तिची एक जुनी सहकारी शिक्षिका बंगाली टोल्यात राहते. ती भेटावयास आली असता हा विषय निघाला. त्या बाई हसून म्हणाल्या, "मांजर तर आमच्या षष्ठीदेवीचे वाहन. बाळंतघरची देवी ती. तिच्या वाहनाला उपाशी ठेवून कसे चालेल?" मावशीला आपली सटवाई आठवली, सटवाई म्हणजेच षष्ठी. ती काही बोलली नाही.

दोन दिवसांनी तुळशीला पाणी घालता घालता ती आपण होऊन म्हणाली, "काशीत राहून मी पुष्कळ व्रते केली. त्यांतले एक मनीकडूनही करवून घेत होते, हे ध्यानातच आले नाही. व्रत ज्याचे त्याने करावे. तिला कोणी विचारले होते?"

मग तिने आपल्या पद्धतीने व्यवस्था लावली. जिन्याखाली एक पत्र्याचा डबा. त्यात पाकिटे, मनीची स्वतंत्र थाळी व चमचा. सर्व काही चौकातील नळावर धुवावयाचे. स्वयंपाकघराचा उंबरठा त्यातले काही ओलांडणार नाही. आठवड्यातून एकदा बंगाली बाईंकडून बिनमिठाच्या उकडलेल्या माशाची डबी येते. ती मात्र मावशी स्वतः उघडीत नाही. घरकामाची बाई उघडते. मनीची ह्याविषयी काही तक्रार नाही.

पशुवैद्यांनी मनीला तपासले, मूत्रपिंडे बेताचीच आहेत असे सांगितले, औषध जपून दिले व आहार हाच मुख्य उपाय म्हणून चालू ठेवला. तीन महिन्यांनी मावशीचे पत्र आले. मनी पूर्वीसारखी झालेली नाही. ती आता उंदीर मारणार नाही आणि गच्चीवरही जाणार नाही. तिचे वजन अर्धा किलो भरले आहे. पाठ ती पुन्हा चाटू लागली आहे. खिडकीखाली मावशीने आधी एक चौरंग व त्यावर एक पाट असे दोन टप्पे करून ठेवले आहेत. सकाळचे ऊन आले, की मनी त्यांवरून चढून कट्ट्यावर जाऊन बसते. मावशी खाली खुर्चीत बसते. "दोघींचे गुडघे एकदम शेकतात," असे तिने लिहिले आहे.

वाचकहो, आपल्या घरी वयस्क मांजर असेल, तर आज एवढेच करावे. त्याच्या जेवणाच्या वेळी थोडा वेळ जवळ बसावे. ते वाटीपर्यंत कसे पोहोचते, ते पाहावे. वाटीत काय आहे, तेही पाहावे. उडी मारण्यापूर्वी ते थबकत असेल, तर 'म्हातारे झाले' असे म्हणून उठून जाऊ नये. प्रथम वाटी खाली ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांना गाठावे.